एका घावाची कुदळ

मित्रांनो, माझं वय एकवीस आणि आत्ताआत्तापर्यंत तोंड कोरंकरकरीत. माणसाला कुणी असं म्हटलं तर तो खूश होईल. मी कुदळ आहे, मला लाज वाटायची. माझ्याबरोबर एकाच भट्टीतून निघालेल्या बाकीच्या कुदळी गटारं खणून, पाइपलाइनी खणून बोटभर उरल्या आणि भंगारात गेल्या. मी तशीच्या तशी राहिले. का, ते सांगते. फक्त मध्ये मध्ये माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. लोखंड आहे, तापायला वेळ लागत नाही.

मला शहाडच्या पुलाजवळच्या एका लोहाराने घडवलं. ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड आणि बाभळीचा दांडा. तो घण मारताना बायकोला सांगायचा की हिला असं पाणी चढलंय, कडक मुरूमसुद्धा लोण्यासारखा निघेल. ऐकून मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर पांढरे बूट येऊन थांबले. मी माणसं पायावरून ओळखते, कुदळीला आधी पायच दिसतात. ते बूट कमलेशचे. कमलेश म्हणजे नुकत्याच निवडून आलेल्या आमदाराचा पीए. त्याने दोन-तीन कुदळी हातात घेऊन पाहिल्या, मग मला उचललं.

"ही हलकी आहे. हीच दे, साहेबांचा खांदा दुखतो."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

त्याने मला चंदेरी रंग फासला, दांड्याला लाल सॅटिनची रिबीन बांधली आणि गाडीच्या डिकीत टाकलं. तेव्हापासून पंधरा वर्षं, म्हणजे आमदारकीच्या तीन टर्म, माझा मुक्काम बहुतेक त्या डिकीतच.

आमदाराचं नाव साईनाथ. खडवलीच्या पुढे करंजपाडा म्हणून गाव आहे, तिथला शेतकऱ्याचा पोरगा. शिकून डोंबिवलीत आलेला, शाळेत मास्तर होता, मग राजकारणात पडला. माणूस वाईट नव्हता. सकाळी सहाला त्याच्या दारात चाळीस जोड्या चपला असायच्या आणि तो एकेकाचं ऐकून घ्यायचा. विधानसभेत उठून रस्त्यांवर, पाण्यावर प्रश्न विचारायचा. गाडीत बसला की घसा बसलेला असायचा, ते मी डिकीतून ऐकलंय. पण एक खोड होती. फोटो निघाला की त्या जागेचा विषय त्याच्या डोक्यातून जायचा.

माझं काम भूमिपूजनाचं. सांगते कसं असायचं. दुसऱ्याच कुदळींनी पहाटे माती खणून, सैल करून ठेवलेली असायची. शेजारी मांडव, पाच विटा, नारळ, हळदकुंकू. साहेब यायचा, उजवा पाय पुढे टाकायचा, मला उचलायचा. "साहेब, इकडे बघा." सैल मातीत एक घाव. टाळ्या. लगेच कमलेश रुमालाने माझं तोंड पुसायचा आणि मी परत डिकीत. दुसरा घाव कधीच नाही. पंधरा वर्षांत त्रेसष्ट जागा. शीळफाट्याचं मोठं गटार, शहाडचा भुयारी रस्ता, शाळेच्या खोल्या, दवाखाना. आठ-दहा कामं झाली, ती मी मान्य करते. बाकीच्या ठिकाणी फक्त माझा घाव राहिला.

आता पुढचं तुम्हाला पटेल न पटेल. भुईला पूजेचा घाव बसला ना, की ती जागी होते. हे मला लोहाराने सांगितलं नव्हतं, मला ते तोंडाला कळलं. झोपलेल्या माणसाला कुणी हलवून उठवावं आणि काही न बोलता निघून जावं, तसं. ती मग डोळे उघडे ठेवून पडून राहते. डिकीतून जाताना एकेका जागेवरून गाडी गेली की माझ्या टोकाला मुंग्या यायच्या. खालून कुणीतरी वर बघतंय असं वाटायचं.

दुसरी टर्म संपत आलेली तेव्हाची गोष्ट. उद्या आचारसंहिता लागणार, म्हणजे आजच काय ते नारळ फोडून घ्यायचे. एका दिवसात अकरा भूमिपूजनं लावलेली. नववं होतं करंजपाड्याचं, साहेबाच्या स्वतःच्या गावचं. गाव आणि शेतं यांच्यामध्ये एक ओहळ आहे. पावसाळ्यात तो छातीपर्यंत चढतो. त्याच्यावर साकव बांधायचा, माणसं चालत पलीकडे जातील एवढा छोटा पूल.

गाडीतून उतरल्यावर कमलेशच्या लक्षात आलं की विटा आठव्या जागेलाच संपल्या. खड्ड्यात ठेवून पूजायला काहीतरी पाहिजे. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला दगड दिसला. गुडघ्याएवढा काळा दगड, ओहळाच्या काठावर रोवलेला. तो गावातल्या धाकू नावाच्या शेतकऱ्याच्या हद्दीचा दगड. दगडाच्या एका बाजूला पडीक रान, दुसऱ्या बाजूला धाकूची भाताची खाचरं आणि शेतात जायची त्याची वाट.

धाकू तिथेच उभा होता. अनवाणी पाय, टाचांना ही मोठी भेग. कुणी विचारायच्या आधी तोच पुढे आला.

"घ्या साहेब. माझी हद्दच साकवाच्या पायात ऱ्हाईल. म्हंजे साकव हलनार नाय, आनि हद्दबी नाय."

दगड कुठे न्यायचा नव्हता. तो होता तिथेच खड्डा खणला आणि त्याला आडवा केला. ते काम माझ्याने झालं, मित्रांनो. मजुराच्या हाताशी दुसरी कुदळ नव्हती म्हणून त्याने मला घेतलं. खरी, कडक, कुणी सैल न केलेली माती मी त्या दिवशी पहिल्यांदा चाखली. मी इतकी खूश होते की पुढचं मला नीट ऐकूही आलं नसतं. पण धाकूचा आवाज वेगळाच लागला म्हणून ऐकलं.

साहेबाने फोटोचा एक घाव घातला आणि मला कमलेशकडे दिलं, तेव्हा धाकू म्हणाला, "एकावर सोडू नका. आपल्या गावची रीत तुमाला म्हाईत हाय. भुई जागी केली की पाच घाव घालायचे, नायतर बुजवून हात जोडायचे. नायतर ती पाय मागती."

कमलेशने माझं तोंड पुसलं. "काका, फोटो एकाच घावाचा येतो. उरलेले चार ठेकेदार घालेल."

सगळे हसले. साहेबही हसला, पण हसताना घड्याळ बघत होता. अजून दोन जागा बाकी होत्या. कमलेशने बुटानेच थोडी माती खड्ड्यात लोटली. धाकूची बायको सगुणा बाजूला उभी होती, ती एकटीच हसली नव्हती. तिने वाकून दगडाला कुंकू लावलं आणि वरून माती सारली.

साकव झाला नाही. फाइल कुठे अडकली ते मला विचारू नका, मी डिकीत होते. दोन वर्षांनी श्रावणात धाकू शेतातून परत येताना ओहळात गेला. दुसऱ्या दिवशी खाली झुडपात अडकलेला सापडला.

तोवर भूमिपूजन नसलं की साहेब मला डोंबिवलीच्या घरी शोकेसमध्ये ठेवायला लागला होता, काचेच्या आत, मानचिन्हांच्या मधोमध. किल्ली त्याच्या बायकोकडे, विनिताकडे. धाकू गेला त्या सकाळी ती फडकं घेऊन आली आणि थबकली. माझ्या टोकाला ओली लाल माती होती. तिच्यात भाताचं हिरवं पातं. विनिता बाईला वाटलं कामवालीने काच उघडली. नंतर तिने किल्ली मंगळसूत्रात अडकवून ठेवली, तरी माती यायची. कधी लाल, कधी काळा चिखल, खारट वासाचा, तो शीळफाट्याकडचा. कधी काचेचे तुकडे मिसळलेला मुरूम, तो शहाडचा. मी कुठे जात नव्हते. शपथेवर सांगते, मी जागची हलले नाही. त्या जागाच माझ्याकडे यायच्या.

त्याच महिन्यात साहेबाचा उजवा पाय बधिर व्हायला लागला. तोच पाय, जो तो घाव घालताना पुढे टाकायचा. कल्याणच्या डॉक्टरने साखर सांगितली, गोळ्या दिल्या. असेलही साखर.

तिसऱ्या टर्मनंतर तो पडला. त्याच्या पुढच्या निवडणुकीतही पडला. दारातल्या चाळीस जोड्या चपलांच्या दहा झाल्या, मग चार झाल्या, मग फक्त कमलेशचे पांढरे बूट. एक दिवस तेही यायचे थांबले. नंतर कळलं की कमलेश सुशांतच्या ऑफिसात लागलाय. सुशांत म्हणजे करंजपाड्यातलं ते पडीक रान विकत घेऊन बंगल्यांचे प्लॉट पाडणारा. वय पस्तीस, बुटांना कधी माती लागलेली मी पाहिली नाही.

साईनाथ आणि विनिता गावच्या घरी राहायला गेले. मला आणलं, त्याला करमायचं नाही माझ्याशिवाय. आणि गंमत बघा, गावात गेल्यावर वर्षभरात तो परत निवडून आला. गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. म्हणजे गावातली भांडणं कोर्टात जायच्या आधी ज्याच्यासमोर मिटवायची, तो. ग्रामसभेत सुशांतने उठून त्याचं नाव सुचवलं, लोकांनी हात वर केले. सगुणानेही केला. बाहेर आल्यावर सुशांत त्याच्या कानाशी म्हणाला की हे फक्त गाव आहे, जिल्हा परिषदेचं तिकीट माझ्याकडून, तयारीला लागा.

दर गुरुवारी सकाळी अकराला समाजमंदिरात बैठक बसायची. साईनाथने मला तिथल्या भिंतीवर खिळ्याला टांगलं, वर पाटी लावली, त्रेसष्ट भूमिपूजनं. मला त्या पाटीचा इतका राग यायचा की उन्हाळ्यात मी हात लावू देत नव्हते. पण खरं तेही सांगते. आमदार होता त्यापेक्षा तो इथे चांगला होता. कुणाची शेळी कुणाच्या वालात शिरली, कुणी नळाला मोटार लावली, कुणाचा जावई पिऊन दारात ओरडतो, तो सगळं ऐकायचा आणि मिटवायचा. इथे विसरायची सोय नव्हती. ज्याचा निकाल दिला तो दुसऱ्या दिवशी दुधाच्या डेअरीवर पुढ्यात उभा असायचा.

मग मे महिन्यात सगुणाची पाळी आली.

सुशांतने तिच्या शेताच्या वाटेवर मुरूम टाकून जेसीबीने सपाट केला आणि तारेचे खांब रोवायला घेतले. वाट त्याच्या हद्दीत येते म्हणे. वाट गेली तर सगुणाच्या खाचरांत बैलही उतरणार नाही आणि बीही. मोजणीवाले आले होते, त्यांना काठावर खूण सापडली नाही. ते म्हणाले, गावात मिटत असेल तर बघा, आम्हाला परत यायला दोन पावसाळे जातील. तेवढ्यात तिचं शेत पडीक झालं असतं.

सगुणा खुर्चीवर बसली नाही, खाली बसली. तिने सांगितलं की तिथे दगड होता, माझ्या सासऱ्याने रोवलेला. सुशांत हसला.

"काकू, होता तर गेला कुठे? पाय फुटले त्याला?"

चार माणसं हसली. सगुणाने सुशांतकडे बघितलंच नाही. ती साईनाथकडे बघत होती.

"सायबांना इचार. त्यांना म्हाईत हाय."

 साईनाथने रजिस्टरचं पान उलटलं, परत उलटलं. सुशांतच्या मागे कमलेश उभा होता, तो आपल्या बुटांकडे बघत होता. मग साईनाथ हळू म्हणाला, "पुढच्या गुरुवारी जागेवर जाऊन बघू."

आणि मी पडले. खिळा तसाच, दोरी तशीच, मी मात्र खाली आले. माझं टोक साईनाथच्या उजव्या पायापासून दोन बोटांवर लादीत रुतलं. त्याला ते जाणवलंही नाही, आवाज आल्यावर त्याने खाली पाहिलं. बाहेर मे महिन्याचं ऊन, ओहळात थेंब नाही, आणि लादीवर माझ्या तोंडाभोवती ओली लाल माती पसरत होती. सगुणा उठली, ती माती तिने चिमटीत घेतली, वास घेतला आणि पदराला बांधून निघून गेली.

मला घेऊन साईनाथ घरी गेला आणि त्याने विनिताला सगळं सांगितलं. तो दगड त्यानेच पुरलाय हे बोललं तर पेपरात येईल की आमदाराने विधवेची हद्द गाडली. साकवाचा विषय निघेल, धाकूचा निघेल. सुशांत हात काढून घेईल, तिकीट गेलं, हे अध्यक्षपदही जाईल. आणि गप्प बसलं तर कुणाला काय कळतंय, कमलेश तर बोलणार नाही. विनिता त्याच्या पायाला तेल चोळत होती. ती टाचणी घेऊन तळव्याला टोचून बघायची, कळतंय का म्हणून. त्या दिवशीही टोचली. त्याला कळलं नाही.

"तिकिटाचं राहू दे," ती म्हणाली. "ह्या पायाला काय सांगणार आहात?"

पुढच्या गुरुवारी अख्खं गाव ओहळाच्या काठावर. मुरूम नुसता तापलेला, कुठे काय होतं काही ओळखू येईना. जवळचं करंजाचं झाड सुशांतने आधीच तोडलेलं. साईनाथने मला खांद्यावरून उतरवलं आणि चपला काढल्या. लोकांना वाटलं देवाचं काही आहे. तो कोरडं खाकरला.

"दगड होता," तो म्हणाला. "माझ्या भूमिपूजनात पुरला. होता तिथेच पुरला. धाकूने विश्वासाने दिला होता आणि मी परत वळून बघितलं नाही. साकवाचंही नाही आणि त्याचंही नाही."

 मग पांढरे बूट जवळ आले. कमलेश त्याच्या कानात बोलला, पण मी दोघांच्या मध्ये होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"साहेब, एक घाव घाला, काही लागलं नाही म्हणा. विषय संपला."

साईनाथने उजवा पाय पुढे टाकला. पहिला घाव. नुसता मुरूम, आणि माझ्या तोंडाचा उरलासुरला चंदेरी रंग उडाला. तो थांबला. त्याच्या हाताला थांबायची सवय होती, एकानंतर तो हात आपोआप मला कमलेशकडे द्यायला वळला. कमलेशनेही सवयीने हात पुढे केला होता. मग साईनाथने मला मागे ओढलं आणि दुसरा घातला. त्यानंतर मला खालून ओढ लागली, मित्रांनो. दांडा त्याच्या हातात होता, पण तिसरा घाव कुठे पडणार ते त्याने ठरवलं नाही. मी हातभर डावीकडे गेले. चौथ्याला लाल माती लागली, थंड, विहिरीच्या तळासारखी थंड. पाचव्याला ठण्णकन आवाज झाला आणि माझ्या टोकाचा कपचा उडाला.

सगळ्यांनी हाताने माती बाजूला केली. काळा दगड आडवा पडलेला. त्याच्यावर कुंकू. साईनाथने बोट लावलं आणि बोट लाल झालं. अकरा वर्षांचं कुंकू ओलं होतं, आत्ता लावल्यासारखं.

तेवढ्यात मागे उभे असलेले लोक बाजूला सरकले. सुक्या ओहळातून वर येऊन खड्ड्यापर्यंत मुरूमावर ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी पावलं. टाचेच्या भेगा स्पष्ट उमटलेल्या. तिथून कुणी चालत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि उन्हात ते बघता बघता सुकत होते. ते खड्ड्यापर्यंत येत होते, परत जात नव्हते. सगुणाने पदर डोक्यावर घेतला.

"आला," ती म्हणाली. एवढंच.

साईनाथ खड्ड्यात उतरला, गुडघे टेकून त्याने हात जोडले. उठताना त्याचा उजवा पाय माझ्या उडालेल्या कपच्यावर पडला आणि तो कळवळला. आधी त्याला स्वतःलाच समजेना. मग त्याने विनिताकडे पाहिलं. "टोचतंय," तो म्हणाला, आणि तो म्हातारा माणूस तिथे सगळ्यांसमोर रडला.

दगड परत उभा केला. रजिस्टरात हद्द लिहिली गेली, सुशांतने खांब काढले. तिकीट दुसऱ्याला मिळालं, ते मिळणारच होतं. सुशांतने ग्रामसभेत अध्यक्ष बदलायचं म्हटलं तेव्हा हात थोडेच वर आले. साईनाथ अजून गुरुवारी बसतो. साकवासाठी तालुक्याला अर्ज घेऊन स्वतः जातो, लंगडत, पण जातो. पुरा बरा झालेला नाही पाय.

मला त्याने सगुणाला दिलं. रिबीन तिने दगडाला बांधली. आता मी बांध घालते, चर खणते, दगड उपटते. माझं तोंड अर्धा बोट झिजलंय आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. रोज टोकाला माती असते, पण ती कुठली हे आता सगळ्यांना माहीत असतं.

म्हणजे, बहुतेक दिवस.

परवा सकाळी सगुणा मला घ्यायला पडवीत आली आणि उभी राहिली. माझ्या टोकाला काळा चिखल होता, खारट वासाचा. करंजपाड्यात असा चिखल नाही. तिने मला धुतलं, काही विचारलं नाही. ज्या कामांवर नंतर भिंती चढल्या त्या जागा शांत आहेत. करंजपाड्याचीही निजली. पण अजून पन्नासच्या वर जाग्या आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याकडे कुठे मांडवाचे बांबू उरलेत, पाटी गंजलीय, कोपऱ्यात नारळाची कवटी पडलीय, अशी जागा दिसली तर तिथे क्रिकेटचे स्टंप रोवू नका. आधी विचारा, इथे काय होणार होतं. ज्याने घाव घातला त्याला शोधा, त्याला सारखं विचारत राहा, तो चिडला तरी विचारा. तोवर जाताना जरा बाजूने जा. तुम्ही धावत जाता तेव्हा ती तुमचे पाय मोजत असते.